जिथे पैसा पोचला नाही, तिथली चर्च आधी पाहा

प्रश्न थोडक्यात असा आहे: जूनमध्ये आठवडाभर स्वित्झर्लंडचा ग्राउब्युंडेन प्रांत आणि त्याला लागून असलेला इटलीतला दक्षिण टिरोल असा बेत ठरतोय. सोबत सत्तरी ओलांडलेले आई-बाबा आहेत. डोंगर आणि तळी बघणारच, पण या भागातली जुनी चर्च बघायची तर कोणती? आम्ही ख्रिस्ती नाही, तर आत गेलेलं चालतं का? आणि आई-बाबांना झेपेल का?

मी भित्तिचित्रांच्या जतनाचं काम करते, म्हणून माझं उत्तर भिंतींकडे झुकलेलं असणार हे आधीच सांगते. मात्र या भागात तो कल बरोबरच ठरतो. आल्प्समधलं चर्च म्हटलं की लोक हिरव्या कुरणातलं कांद्याच्या आकाराचा मनोरा असलेलं पांढरं चर्च डोळ्यांसमोर आणतात. ते रूप बहुतेक ठिकाणी सतराव्या-अठराव्या शतकातलं आहे. त्या काळात जिथे पैसा होता तिथे जुनी इमारत पाडली किंवा आतून पूर्ण बदलली, सोनेरी वेद्या आणल्या, छतभर ढग आणि देवदूत रंगवले. जिथे पैसा नव्हता तिथे भिंतीला चुना फासला आणि काम भागवलं. त्या चुन्याखाली आठव्या, बाराव्या, चौदाव्या शतकातली चित्रं तशीच राहिली. म्हणून माझा सल्ला असा की गरीब राहिलेली चर्च आधी बघा. भव्य चर्च युरोपात सगळीकडे मिळतील. बाराशे वर्षांपूर्वीची चित्रं अजून मूळ भिंतीवर आहेत अशा जागा फार थोड्या, आणि त्यांतल्या कितीतरी याच दोन-तीन खोऱ्यांत आहेत.

त्या इथेच का, यालाही कारण आहे. इटलीतून उत्तरेकडे जाणारी माणसं, खेचरं, मीठ, दारू, सैन्य सगळं याच खिंडींमधून जायचं. खिंडीच्या पायथ्याशी मुक्काम लागायचा आणि मुक्कामाच्या जागी चर्च किंवा मठ उभा राहायचा. चितारीही त्याच वाटेने आले. पुढे व्यापाराचे रस्ते बदलले, खोरी मागे पडली आणि नवं बांधायला कुणाकडे काही उरलं नाही. तुमचा मार्ग त्या जुन्या वाटांवरूनच आखा, म्हणजे एकेक चर्च आपोआप रस्त्यात येत जाईल. ग्राउब्युंडेनची राजधानी खूर, तिथून निघून झिलिस, मग एंगादिन खोरं, मग ओफेन खिंड ओलांडून म्युस्टायर, पुढे विन्शगाउ खोऱ्यातून खाली उतरत ब्रिक्सेन. हे सगळं रेल्वे आणि बसने होतं, गाडी भाड्याने घ्यायची गरज नाही.

पहिला थांबा झिलिस. खूरहून तुसिसपर्यंत रेल्वे आणि तिथून पिवळी पोस्ट-बस. वाटेत विया माला ही अरुंद दरी लागते. गावातलं सेंट मार्टिनचं चर्च बाहेरून अगदी साधं आहे. दाराजवळच्या भिंतीवर सेंट ख्रिस्तोफरचं मोठं चित्र आहे, तेवढं सोडलं तर काही नाही. आत गेलात की वर बघा. सगळं छत चौकोनी लाकडी फळ्यांचं आहे, एकूण १५३ फळ्या, बाराव्या शतकाच्या सुरुवातीच्या. एक ओळ ९ फळ्यांची, अशा १७ ओळी. कडेच्या ४८ फळ्यांवर समुद्र आहे आणि त्यात माशाची शेपटी असलेले चित्रविचित्र प्राणी पोहतायत. चार कोपऱ्यांत वाऱ्याचे देवदूत. आतल्या १०५ फळ्यांवर येशूची गोष्ट ओळीने पुढे सरकते आणि शेवटच्या ७ फळ्या सेंट मार्टिनच्या आहेत, ज्याने आपला झगा तलवारीने अर्धा कापून भिकाऱ्याला दिला.

मान वर करून एवढं बघणं आई-बाबांना जमणार नाही, आणि गरजही नाही. तिथे हातात धरायचे आरसे ठेवलेले असतात. बाकावर बसायचं, आरसा मांडीवर आडवा धरायचा आणि छत त्यात वाचत जायचं. आरशात डावं-उजवं उलटं दिसतं, त्यामुळे गोष्टीचा क्रम लावताना गोंधळ होतो. आधी एकदा नुसत्या डोळ्यांनी दिशा समजून घ्या आणि मग आरसा घ्या. एक गोष्ट मुद्दाम शोधा: येशूच्या डोक्यावर काट्यांचा मुकुट ठेवतात तिथे ही गोष्ट थांबते. क्रूसावरचा मृत्यू या छतावर नाहीच. का नाही यावर अभ्यासकांनी बरंच लिहिलंय. मला स्वतःला तिथे बसल्यावर कारणापेक्षा तो निर्णयच मोठा वाटतो.

सोळाव्या शतकात हे गाव प्रोटेस्टंट झालं. त्या काळी कित्येक ठिकाणी चित्रं आणि मूर्ती काढून टाकल्या गेल्या. इथलं छत गावाने तसंच ठेवलं. ग्राउब्युंडेनमध्ये कुठला पंथ धरायचा हे गावागावाने आपलं आपण ठरवलं, त्यामुळे आजही एक गाव कॅथलिक आणि पुढचं प्रोटेस्टंट असं दिसतं. बघताना हा फरक लगेच कळतो: कॅथलिक चर्चमध्ये वेदी, मेणबत्त्या, मूर्ती, प्रोटेस्टंट चर्चमध्ये लाकडी बाकं, प्रवचनाचा ओटा आणि मोकळ्या भिंती.

झिलिसनंतर वेळ आणि पायांत बळ असेल तर मिस्टाइल. टीफेनकास्टेल आणि आल्वाशाइन यांच्यामध्ये, आल्बुला नदीच्या वर एका कड्यावर सेंट पीटरचं एकटं चर्च आहे. इथे एके काळी जोगिणींचा, म्हणजे ख्रिस्ती संन्यासिनींचा (नन्सचा), मठ होता, तो बाराव्या शतकात बंद झाला आणि मागे फक्त चर्च उरलं. सरळ चौकोनी दालन आणि पूर्वेला ओळीने तीन अर्धगोल गाभारे, ही इसवी सन ८००च्या आसपासची या भागातली खास बांधणी. म्युस्टायरलाही हीच आहे, पण तिथे चित्रांच्या गर्दीत बांधणी नीट कळत नाही. इथे कळते. शेवटचा टप्पा पायवाटेचा आहे. आई-बाबांचे गुडघे कुरकुरत असतील तर त्यांना टीफेनकास्टेललाच कॉफी प्यायला बसवा आणि तुम्ही जाऊन या.

पुढे आल्बुला मार्गाची रेल्वे. हा मार्ग २००८पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, आणि लांडवासरचा प्रसिद्ध पूल याच टप्प्यात येतो, तेव्हा खिडकीची जागा धरा. एंगादिनमध्ये सेलेरिनाबाहेर सपाट कुरणात एका टेकाडावर सान जानचं चर्च दिसतं. त्याचा मोठा मनोरा डोक्यावर छप्पर नसलेला आहे. १६८२मध्ये वीज पडली आणि छप्पर पुन्हा कुणी बांधलं नाही. आत १४७८चं रंगवलेलं लाकडी छत आहे. हे चर्च रोज उघडं नसतं. बंद असलं तरी कुरणातून चालत जाऊन बाहेरून बघा, वाट सपाट आहे आणि आई-बाबांना आवडेल. शेजारच्या पोंत्रेसिनात सांता मारिया हे छोटं चर्च आहे. त्यात पश्चिमेच्या भिंतीवर तेराव्या शतकातली बिझंटाइन, म्हणजे पूर्वेकडच्या ग्रीक ख्रिस्ती, वळणाची चित्रं आणि बाकी भिंतींवर पंधराव्या शतकाच्या अखेरची चित्रं अशी दोन पिढ्यांची कामं एकाच खोलीत आहेत. सेंट मॉरिट्झच्या दुकानांत घालवायचा वेळ इथे द्यावा असं मी मनापासून सांगेन.

आता म्युस्टायर. सगळ्या प्रवासातला सर्वात जास्त वेळ इथे द्या, शक्य असेल तर गावात एक रात्र राहा. झेरनेत्सहून पोस्ट-बस राष्ट्रीय उद्यानातून २१४९ मीटर उंचीच्या ओफेन खिंडीवर चढते आणि पलीकडच्या खोऱ्यात उतरते. खोऱ्यातली बाकीची गावं प्रोटेस्टंट झाली, तळाचं म्युस्टायर कॅथलिक राहिलं, कारण तिथे मठ होता. सेंट जॉनचा हा बेनेडिक्टाइन (संत बेनेडिक्टच्या पंथाचा) मठ फ्रँक लोकांचा सम्राट शार्लमेन याच्या काळातला. हिमवादळातून वाचल्याबद्दल त्यानेच तो बांधला अशी आख्यायिका आहे. आख्यायिका बाजूला ठेवली तरी काळ जुळतो: बांधकामातल्या लाकडाच्या वार्षिक वलयांवरून ते झाड ७७५च्या सुमाराला तोडलं हे कळलं आहे. बाराव्या शतकापासून इथे जोगिणी राहतात आणि आजही राहतात. १९८३मध्ये मठाचं नाव जागतिक वारशाच्या यादीत गेलं.

चर्चमध्ये शिरलात की पहिली काही मिनिटं तुमची निराशा होईल. रंग फिके आहेत: गेरू, पिवळी माती, राखाडी. निळ्या-हिरव्याची चमक शोधायला जाऊ नका. सुमारे ८०० साली चितारींनी चित्राचा पाया ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर घातला. चुना सुकताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगडासारखा होतो आणि रंगाचे कण त्यात अडकून बसतात. तेवढा थर शतकानुशतकं टिकतो. चेहऱ्यांचे, कपड्यांच्या चुण्यांचे बारकावे मात्र त्यांनी गिलावा सुकल्यावर वरून काढले, आणि ते गळून गेले. म्हणजे आज आपण बघतो तो चित्राचा सांगाडा आहे. अजिंठा पाहिलेला असेल तर फरक लक्षात येईल: तिथली चित्रं माती-भुश्शाच्या सुकलेल्या गिलाव्यावर चिकट द्रव्यात कालवलेल्या रंगांनी काढलेली आहेत, त्यामुळे रंग भरदार राहिलेत; पण जिथे गिलावा सुटला तिथे चित्र गिलाव्यासकट गेलं.

आता उत्तरेच्या भिंतीजवळ जा, दोरी असेल तिथपर्यंतच, आणि भिंतीकडे तिरकं बघा. चित्रावर ठिकठिकाणी बोटाच्या पेराएवढे पांढरे टोचे दिसतील. कुणी रागाने केलेली नासधूस नाही ती. सुकलेल्या गुळगुळीत भिंतीवर नवा गिलावा धरत नाही, म्हणून गवंडी आजही छिन्नीने भिंत टोचून खडबडीत करतो. तेव्हाही तेच केलं. इसवी सन १२००च्या सुमाराला गाभाऱ्यांत जुन्या चित्रांवर नवा गिलावा चढवून नवी चित्रं काढली. मधल्या गाभाऱ्यात तुम्हाला हे नवं काम दिसेल: बायबलमधल्या हेरोद राजाची मेजवानी, सलोमीचा नाच, आणि त्या नाचाचं बक्षीस म्हणून तिने मागितलेलं, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं तबकातलं मस्तक. उजवीकडच्या गाभाऱ्यात पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन याला दगडांनी मारतायत. ही चित्रं रंगाने ताजी आणि रेषेने धीट आहेत. एकाच भिंतीवर चारशे वर्षांचं अंतर असलेले दोन हात एकमेकांवर दिसतात, ते इतक्या जवळून बघायला मिळणं दुर्मीळ आहे.

पुढची हकिगतही जाणून जा. १४९२मध्ये चर्चला कमानदार दगडी छत घातलं. त्यामुळे जुन्या भिंतींचा सगळ्यात वरचा पट्टा नव्या छताच्या वर, माळ्यावर गेला आणि विसरला गेला. खालच्या चित्रांवर चुना फासला. १८९४मध्ये योसेफ झेम्प आणि रोबेर्ट डुरेर हे दोघे संशोधक माळ्यावर चढले आणि तिथे बायबलमधल्या दावीद राजाच्या गोष्टीची चित्रं सापडली. त्यांतली बरीचशी भिंतीवरून सोडवून झुरिकच्या राष्ट्रीय संग्रहालयात नेली; झुरिकला विमान पकडायच्या आधी वेळ असेल तर तिथे बघता येतील. खालचा चुना १९४७ ते १९५१मध्ये काढला. माझ्या पेशातल्या माणसाला ती चित्रं झुरिकला नेल्याचं दुःख होतं. तेव्हाच्या लोकांना वाचवण्याचा तोच मार्ग दिसला हेही खरं. वेळ राहिला तर मठाचं संग्रहालय बघा, ते दहाव्या शतकातल्या प्लांटा मनोऱ्यात आहे. जिने मात्र आहेत.

दुर्बीण न्या. छोटी, पक्षी बघायची चालेल. या एका वस्तूने म्युस्टायर दुप्पट दिसतं. आणि गाभाऱ्याच्या खिडक्या पूर्वेला असल्यामुळे सकाळचं ऊन थेट डोळ्यांवर येतं, चित्रं अंधारात राहतात. दुपार कलल्यावर जा.

म्युस्टायरहून तीच बस सीमा ओलांडून माल्सला जाते. इथून इटली, पण भाषा मुख्यतः जर्मन. माल्समध्ये सेंट बेनेडिक्टचं चर्च एका छोट्या दालनाचं आहे आणि चित्रं फक्त पूर्वेच्या भिंतीवर उरली आहेत. ती बघायला पंधरा-वीस मिनिटं पुरतात, पण त्यांतली दोन माणसं विसरू नका. कोनाड्यांच्या मधल्या जागेत एका बाजूला हातात चर्चची प्रतिकृती धरलेला धर्मगुरू, दुसऱ्या बाजूला तलवार धरलेला फ्रँक सरदार. दोघांच्या डोक्यामागची प्रभा गोल नसून चौकोनी आहे, म्हणजे चित्र काढताना ते हयात होते. जिवंत माणसांची इतकी जुनी चित्रं युरोपात मोजकीच आहेत.

माल्सच्या वर बुर्गाइसजवळ मारियनबेर्गचा मठ डोंगराच्या कुशीत पांढराशुभ्र दिसतो. त्याच्या तळघरातले बाराव्या शतकातले देवदूत अप्रतिम आहेत. तिथे प्रवेश ठरावीक वेळीच आणि मर्यादित असतो, म्हणून आधी चौकशी करा. रेशेन तळ्यातून वर आलेला ग्राउनचा मनोरा तुम्ही फोटोंत पाहिला असेल. चौदाव्या शतकातला तो मनोरा १९५०मध्ये धरणासाठी बुडवलेल्या गावाचा आहे. कोयनेच्या किंवा उजनीच्या पाण्याखाली ज्यांचं गाव गेलं त्यांना त्याचं जास्त काही सांगायला नको. तो बघून यायला माल्सहून बस आहे, पण चर्च बघण्याचा वेळ तिथे खर्चू नका.

माल्सहून रेल्वेने खाली उतरलात की सफरचंदांच्या बागा सुरू होतात आणि त्या बागांच्या कडेला नाटुर्न्सचं सेंट प्रोकुलसचं चर्च येतं. या यादीतलं हे माझं सगळ्यात आवडतं. सातव्या शतकातली इमारत, आतलं दालन आपल्याकडच्या मोठ्या बैठकीच्या खोलीएवढं. चित्रं १९१२मध्ये लक्षात आली आणि पुढच्या दशकात चुन्याखालून काढली. ती नेमकी कोणत्या शतकातली यावर अजून वाद चालू आहे. दक्षिण भिंतीवर एक माणूस झोक्यावर बसल्यासारखा दोरीत बसलाय, दोन्ही हातांनी दोरी घट्ट धरलेली, आणि वरून माणसं बघतायत. कुणी म्हणतं हा दिमिष्काच्या (दमास्कसच्या) तटावरून निसटणारा येशूचा प्रेषित पौल, कुणी म्हणतं वेरोनातून पळणारा तिथला बिशप प्रोकुलस. डोळे वाटोळे, नाक एका रेषेत, कपड्यांच्या चुण्या पट्ट्यांसारख्या. चितारी फार शिकलेला नसावा, पण दोरीला लोंबकळणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरची धाकधूक त्याने अचूक पकडली आहे. पश्चिमेच्या भिंतीवर गुरांचा कळप आणि सोबत कुत्रा आहे. प्रोकुलस गुरांचा रक्षक मानला जायचा. या खोऱ्यातल्या गुराख्याला भिंतीवर आपली गुरं दिसत असणार. शेजारी जमिनीखाली छोटं संग्रहालय आहे, त्यात १६३६च्या प्लेगच्या वेळच्या दफनांची माहिती मिळते. रस्ता सपाट आहे, आई-बाबांना काहीच त्रास नाही.

बोत्सेनजवळच्या होखएप्पान किल्ल्यातल्या चॅपेलमध्ये (छोट्या प्रार्थनाघरात) येशूजन्माच्या चित्रात चुलीपाशी बसून क्नोडेल, म्हणजे पावाचे उकडलेले गोळे, खाणारी बाई आहे. तेराव्या शतकाच्या सुरुवातीच्या चित्रात एवढं घरगुती दृश्य फार क्वचित मिळतं. पण किल्ल्यापर्यंत चांगला चढ आहे, म्हणून आई-बाबांसाठी ते मी सुचवणार नाही. फिलन्योस खोऱ्यातलं रानुईचं चॅपेल १७४४चं आहे; डोलोमाइटच्या सुळक्यांसमोर ते सुंदर दिसतं, आणि बहुतेक सगळं सौंदर्य बाहेरूनच आहे. जवळून जात असाल तर थांबा, मुद्दाम वाकडी वाट करू नका.

शेवटी ब्रिक्सेन. इथे माझा मुद्दा एकाच आवारात दिसतो. बिशपचं गाव असल्यामुळे पैसा होता, म्हणून मुख्य चर्च अठराव्या शतकात नव्याने बांधलं, छतावर पाउल ट्रोगर या चितारीचं मोठं चित्र आलं. शेजारच्या चौकाभोवतीच्या ओवरीला कुणी हात लावला नाही, आणि चौदाव्या-पंधराव्या शतकातली चित्रं कमानीकमानीत राहिली. त्यांत एक हत्ती आहे. चितारीने हत्ती पाहिलेला नव्हता, म्हणून त्याने घोडा काढून त्याला सोंड लावली. नंतर १५५१च्या अखेरीस खरा हत्ती ब्रिक्सेनला आला: पोर्तुगिजांनी आशियातून लिस्बनला आणलेला सुलेमान, आर्चड्यूक मॅक्सिमिलियनबरोबर व्हिएन्नाला चालला होता आणि इथे दोन आठवडे राहिला. ज्या खानावळीत तो राहिला तिथलं हॉटेल आजही हत्तीच्याच नावाने चालतं.

आत जाण्याबद्दल: कुणालाही जाता येतं, धर्म कुणी विचारत नाही. चपला काढायच्या नसतात, पुरुषांनी टोपी काढावी, खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. मिस्सा, म्हणजे सामूहिक उपासना, चालू असेल तर शेवटच्या बाकावर बसा किंवा बाहेर थांबा, फिरू नका. भिंतीला हात लावू नका. हाताचा घाम आणि तेल चुन्याला बाधतं. फ्लॅश बंद ठेवा. छोट्या चर्चमध्ये एका वेळी मोजकीच माणसं सोडतात, ते श्वासातल्या बाष्पामुळे. त्याचा राग मानू नका. जूनमध्येही आत गारठा असतो, आई-बाबांसाठी स्वेटर हाताशी ठेवा.

म्युस्टायरपर्यंत स्विस फ्रँक आणि माल्सपासून युरो, दोन्हीची चिल्लर जवळ असू द्या, कारण लहान चर्चमध्ये दानपेटी असते, कार्डाचं यंत्र नसतं. शेंगेन व्हिसा दोन्हीकडे चालतो, पण सीमेवर कधीकधी तपासणी होते, म्हणून बसमध्ये पासपोर्ट सामानात न ठेवता अंगावर ठेवा. उघडण्याच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, सोमवारी आणि दुपारच्या जेवणाच्या वेळी अनेक ठिकाणी दार बंद असतं. झिलिस आणि म्युस्टायर सोडून प्रत्येक जागेसाठी आदल्या दिवशी तिथल्या पर्यटन कार्यालयाला फोन करा. विन्शगाउच्या रेल्वेवर कधी दुरुस्तीमुळे बदली बस चालते, तेव्हा वेळापत्रक निघायच्या आठवड्यात पुन्हा तपासा. आणि दिवसाला दोनच्या वर चर्च ठेवू नका, तिसऱ्यात आई-बाबा थकतात आणि तुम्ही फक्त फोटो काढता.